डाव्या कुशीतली मांजर

पहाटे दूध यायच्या आधी ती माझ्या उशाशी येऊन बसते. ओरडत नाही, नुसती बघते. मी डोळे मिटून पडलेली असले तरी झोपलेली नाही, हे तिला पक्कं ठाऊक असतं. मग एक पंजा माझ्या दंडावर येतो. तरी मी हलले नाही तर नखं थोडी बाहेर निघतात. तरीही नाहीच, तर कानाशी तोंड आणून अशी किंचाळते की गल्लीतली कुत्री जागी व्हावीत.

उठायचं म्हणजे माझा एक कार्यक्रमच असतो. आधी उजव्या कोपरावर भार द्यायचा, मग पाय खाली सोडायचे, मग डावी बाजू कशालाही न घासता अंग सरळ करायचं आणि श्वास धरून बसायचं. एवढ्यात ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आलेली असते. तिला दूध फ्रिजमधलं चालत नाही. उकळतं चालत नाही. कोमट हवं, त्यात भात हवा, आणि तो भात माझ्या हाताने कुस्करलेला हवा. चमच्याने कुस्करला तर तिला कसा कळतो, देव जाणे. आमच्या ह्यांनी ताटली ठेवली तर ती वास घेते, त्यांच्याकडे एकदा बघते आणि सरळ माझ्यासमोर येऊन तक्रार मांडते.

"चांगलीच डोक्यावर चढवली तू तिले," हे म्हणतात.

डोक्यावर चढवायला मी कुठे उभी होते? मी तर तेव्हा आडवी पडलेली होते. ती कशी आली, हे सांगायचं तर आधी नागीण सांगावी लागेल.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर माझ्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली, बारीक फोड आले. दिवाळी म्हणजे माझ्या कामाचे दिवस. मी नांदुऱ्यात घरीच ब्लाउज शिवायची, आणि सणाच्या आधी बायका रांग लावायच्या. मला वाटलं, घामोळं असेल. दोन रात्रींत ते फोड फऱ्याखालून वळसा घेत छातीच्या खालपर्यंत आले आणि आग सुरू झाली. समोरच्या घरातल्या खालाने पदर बाजूला करून बघितलं आणि कपाळाला हात लावला. तिच्या घरात गाद्या-उशा भरायचं काम चालतं. कापसाचे तंतू केसांत घेऊनच ती आली होती.

"या अल्ला, भाभी, ही तं नागीण हाय."

आता आमच्याकडे नागीण झाली की आधी कोणी डॉक्टरकडे जात नाही. आधी उतरवणाऱ्याकडे जातात. माझे मालक बाजार समितीत मापारी आहेत, धान्य मोजायचं त्यांचं काम. तिथल्या कोणीतरी सांगितलं की संग्रामपूरकडे, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात, एक म्हातारबाबा नागीण उतरवतात. आम्ही गेलो. बाबा स्वभावाने गरीब, नारळाशिवाय काही घेत नाहीत. त्यांनी गेरू कालवला, कडुलिंबाच्या काडीने फोडांच्या कडेकडेने रेघ ओढली, आणि नागिणीचं तोंड जिकडे चाललंय तिथे एक आडवी रेघ मारली. तोंड आणि शेपूट एकत्र आलं की माणूस हातचा जातो, असं मानतात. रेघ मारली म्हणजे ती अडली. मग पथ्य सांगितलं: फोडणीचा वास नको, तेल नको, तिखट नको, नुसता दूधभात खायचा.

"आन् सुई टोचून घेऊ नका, माय. सुई लागली का खवळते ते."

मी मान डोलावली. शिकलेली आहे मी, दहावी पास आहे. पण तेव्हा ती रेघ अंगावर थंड लागली होती आणि मला तेवढं पुरेसं वाटलं.

पथ्याच्या त्या दिवसांत ही मांजर आली. आमच्या घरात फोडणी बंद, आणि खालानेही तिच्या घरचा मसाला मागच्या अंगणातल्या चुलीवर नेला, माझ्यापर्यंत वास नको म्हणून. मला दूधभात समोर आला की मळमळायचं. ताटली खाटेखाली सरकवून मी भिंतीकडे तोंड करायची. एके दिवशी खाटेखालून चटचट आवाज आला. वाकून बघणं शक्य नव्हतं, म्हणून हात खाली सोडला, तर बोटाला एक खरखरीत जीभ लागली. हाताच्या तळव्याएवढं पिल्लू असेल. कुठून आलं, कोणाचं, काही कळलं नाही. ते रोग्याच्या दूधभातावर वाढलं. फोडणीचं जग त्याने बघितलंच नाही. आज ती मासळीकडे ढुंकून बघत नाही आणि कोमट दूधभातासाठी माझा जीव खाते, त्याचं कारण हे आहे.

फोड वाळले. खपल्या पडल्या. ह्यांनी मारुतीला नारळ फोडला. पण आग काही गेली नाही. मी वाट बघितली, संक्रांत झाली, होळी झाली. शेवटी अकोल्याला नसांच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने कापसाचा बोळा घेऊन पाठीवर हलकेच फिरवला आणि मी खुर्चीतून ताडकन उठले. तो म्हणाला, नस भाजून निघाली आहे. सुरुवातीलाच आला असता तर औषध होतं, आता फक्त दुखणं दाबायच्या गोळ्या. हे चपलांकडे बघत बसले.  बोल तरी कोणाला लावणार? म्हाताऱ्याला? त्याने तर मनापासून रेघ मारली होती.

हे दुखणं कसं असतं, ते सांगून समजत नाही. मिरच्या कुटलेल्या हाताने कोणी ओरखडावं, आणि तो हात बाजूलाच होऊ नये, तसं काहीतरी. गंमत अशी की जोरात दाबलं तर तेवढं दुखत नाही. हलकं लागलं की जाळ उठतो. पदराचं टोक, पंख्याचा वारा, केसाची बट. ब्लाउज शिवून शिवून जिची बोटं झिजली, तिला स्वतःला ब्लाउज घालता येत नाही. ह्यांचा जुना, विरलेला बनियन मी उलटा करून घालते, शिवणी बाहेर राहाव्यात म्हणून. कोणी आलं तर वरून पदर घट्ट धरायचा आणि आतल्या आत शिव्या द्यायच्या. उन्हाळ्यात आमच्याकडे कूलरशिवाय माणूस जगत नाही, आणि कूलरचा झोत अंगावर आला की मी जगत नाही. म्हणून खोलीत कूलर असतो, पण मी दाराआडच्या कोपऱ्यात घामाने निथळत असते. कूलरसमोरची जागा मांजरीची.

गोळ्या आहेत. त्या घेतल्या की डोकं जड होतं. दुखणं तिथेच असतं, फक्त माझं लक्ष दुसरीकडे भरकटतं. मशीन झाकून ठेवलंय. त्यावर मांजर झोपते.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. त्या नागिणीनंतर मला कोणी हात लावत नाही.

कोणी वाईटपणाने नाही. सगळ्यांनी काळजीच घेतली. पुण्याहून मुलगा-सून नातवाला घेऊन येतात, तेव्हा सून दारातच त्याला सांगते, आजीला बिलगायचं नाही हं, तिला बाऊ आहे. तो माझ्यापासून हातभर लांब उभा राहून मला चित्रं दाखवतो. खाला पूर्वी हसता हसता माझ्या पाठीत धपका घालायची, आता हसू आलं की स्वतःच्या मांडीवर मारते. आणि हे! हे चहाचा कप माझ्या हातात देत नाहीत, स्टुलावर ठेवून मागे होतात. आमच्यात फार लाडीगोडी कधीच नव्हती, पण जाता-येता खांद्यावर हात पडायचा, बाजारात गर्दीत दंड धरला जायचा. ते सगळं बंद झालं. बंद झालं, हे मला बरेच दिवस कळलंही नाही.

मांजरीला मात्र कोणी सांगितलं नव्हतं. मी आडवी झाले की ती येते. उजवीकडे नाही, डावीकडेच. आधी मिशा लागतात, मग शेपटीचा फटका, आणि मी दात आवळते. मग ती गोल फिरते, कुशीतली जागा पंजांनी मळते, आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात. आणि मग ती धपकन बसते. सगळं वजन टाकून देते. ते वजन पडलं की कधी कधी, नेहमी नाही, आग थोडी खाली बसते. कधी उलट जास्त पेटते. आज काय होणार ते आधी कळत नाही. ढकलायला हात उचलावा तर हात उचलला जात नाही. मी तशीच रडत पडते आणि ती घुरघुरत पडते.

खालाने तिच्यासाठी एक लहानशी गादी भरून दिली, चांगला नवा कापूस घालून. "हिच्यावर झोपंल तं तुमाले आराम भेटंल," म्हणाली. मांजरीने गादी हुंगली आणि माझ्याकडे आली. गादीवर आता हे पाय ठेवून पेपर वाचतात.

गेल्या उन्हाळ्यात एक दुपार अशी आली की माझं सगळं बळ संपलं. आदल्या दोन रात्री झोप नव्हती. हे जेवायला घरी आले होते. मी भिंतीला उजवी बाजू टेकून बसलेली, हातात चहा. मांजरीला दूधभात हवा होता आणि दूध नासलं होतं. ती ओरडत होती, मी ओरडत होते, आणि ती मशीनवरून उडी मारून थेट माझ्या डाव्या अंगावर आली. घसरली तशी नखं रोवून लटकली. चहा सांडला. मी जी किंकाळी फोडली ती ऐकून खाला चप्पल न घालता रस्ता ओलांडून आली. बनियनवर रक्ताचे चार ओरखडे उमटले होते.

सुनेला फोनवर कळलं तेव्हा ती घाबरली. "आई, इन्फेक्शन झालं तर काय करणार? त्या मांजरीचं काहीतरी करा."

ह्यांनी तर ठरवूनच टाकलं होतं. "मार्केट यार्डात सोडतो. तिकडं उंदरं मोप हायेत. राणीवानी राहीन."

खाला म्हणाली, "मुकं जनावर हाय, भाभी. घरातून काढू नका."

सगळे माझ्याकडे बघत होते. माझी डावी बाजू पेटलेली होती. मी म्हणाले, "न्या तिले. मले नाई सहन होत."

मांजर सोडायची आमच्याकडे रीत आहे. पोत्यात घालायची, म्हणजे वाट दिसत नाही. जागच्या जागी पोतं गोल फिरवायचं, म्हणजे दिशा कळत नाही. आणि रूळ ओलांडून पलीकडे न्यायची, म्हणजे परत येत नाही. ह्यांनी रिकामं बारदान आणलं, ती आत गेली आणि सवयीने ह्यांच्या हातात दाभण आणि सुतळी आली. धान्याच्या पोत्याचं तोंड शिवावं तसं त्यांनी तिचं पोतं शिवलं. वर पोत्याच्या कोपऱ्यांचे दोन कान काढले, धरायला. आतून आवाज येत होता. मी कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून बसले. सायकल गेल्याचा आवाज आला, आणि मग कूलर तेवढा वाजत राहिला.

मला वाटलं होतं, आता बरं वाटेल. निदान थोडं तरी. इतके दिवस आग उठली की मी तिच्या नावाने बोटं मोडायची: मेली, कशी बसली, कशी मळली, म्हणून पेटलं. आता ती नव्हती आणि आग होती तशीच होती. शिव्या द्यायलाही कोणी उरलं नाही. पहाटे डोळे मिटून पडायची, कोणी ओळखायचं नाही की मी जागी आहे. हे घोरत असायचे. दूध नासलं काय, राहिलं काय, कोणाला फरक पडत नव्हता. मी उठायचंही बंद केलं. उठून करायचं काय? ह्यांनी स्वतःच चहा करून स्टुलावर ठेवायला सुरुवात केली, आणि मी पडून राहू लागले.

एका दुपारी मी म्हणाले, "अहो, इकडं या."

ते आले आणि खाटेपासून जरा दूर उभे राहिले.

"हात ठेवा इथं."

"कुठं?"

"इथं. डाव्या अंगाले."

"येडी झाली का? दुखंन तुले."

"दुखू द्या. ठेवा."

ते खाटेच्या कडेला बसले. पोती उचलून उचलून त्यांचा पंजा फावड्याएवढा झाला आहे. पण त्या दिवशी तो हात किती हळू आला! ओल्या सारवणावर ठेवावा तसा, नुसती बोटांची टोकं टेकवून. आणि तेच नेमकं चुकलं. तो हलका स्पर्श म्हणजे आगच होती. मी ओरडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी ओरडले. त्यांनी हात असा मागे घेतला, जणू तो पुन्हा कधी पुढे करणार नाहीत.

"पाह्य, म्या म्हणलं नव्हतं?" ते म्हणाले.  मग उठून उगाच कूलरमध्ये पाणी ओतत बसले, भरलेलं असताना.

दाबून ठेवा, एवढं मला सांगता आलं असतं. पण तेव्हा सुचलं नाही, आणि त्यांचा चेहरा बघून नंतर सांगवलं नाही. मी फक्त म्हणाले, "मांजर आणा माझी."

 दुसऱ्या दिवशी लिलाव आटोपल्यावर ते ऑटो घेऊनच घरी आले. "माह्याकडून येत नाई ते," ते खाली बघत म्हणाले. म्हणजे हे आधीच आणायला गेले होते. किती वेळा, ते मी विचारलं नाही.

ऑटोत मी समोरचा दांडा धरून अंग उचलून बसले. रुळांवरचे हादरे, यार्डाच्या फाटकातले खड्डे, वारा. पोहोचेपर्यंत माझ्या तोंडाला कोरड पडली होती. शेडमध्ये हमाल जेवून आडवे झाले होते. तुरीच्या पोत्यांच्या थप्पीवर, अगदी वर, ती बसली होती. एक कान फाटला होता. अंगाने भरली होती.

एक हमाल उठून बसला. "वहिनी, भलकी कामाची हाय हो ही. उंदीर ठेवला नाई एक. पन आमी दूध देल्लं तं तोंड लावत नाई."

मी हाक मारली. नाव असं तिला कधी ठेवलंच नव्हतं, नुसतं "ये गं" म्हणायची. तिने मान वळवली. थप्पीवरून एकेक पोतं उतरत खाली आली, माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली आणि ओरडायला लागली. काय ओरडली! इतक्या दिवसांचं सगळं काढलं तिने. हमाल हसत होते. मी उभी राहून ऐकून घेतलं. मला तिला उचलायचं होतं आणि मला वाकता येत नव्हतं. वाकले की डाव्या अंगावर कातडी ताणली जाते आणि पुढचं काही दिसत नाही. मी हात पुढे करून तशीच उभी. ती ओरडत तशीच उभी. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, त्या सगळ्या बाप्यांसमोर.

तेव्हा हे पुढे झाले. आयुष्यात त्यांनी मांजर उचललेली नव्हती. त्यांनी तिला दोन्ही हातांनी पुढच्या पायांखाली धरून उचललं आणि लांब धरलं. तिने त्यांच्या मनगटावर ओरखडा काढला.

"सोडू नका," मी म्हणाले.

"नाई सोडत."

घरापर्यंत त्यांनी तिला तसंच धरून आणलं. पोतं बरोबर होतं, पण ते त्यांनी पायाखालीच ठेवलं.

घरी आल्यावर दूध कोमट केलं, भात कुस्करला. तिने चाटूनपुसून खाल्लं. मी आडवी झाले. प्रवासाने अंग इतकं पेटलं होतं की पदरही सोसवत नव्हता. ती आली. मिशा, शेपूट, पंजे, सगळं पहिल्यासारखं. मी उशीचा कोपरा दातांत धरला, तरी हुंदका फुटलाच. हे धावत आले आणि तिला उचलायला त्यांनी तिच्या पाठीवर हात घातला.

मी त्यांचं मनगट धरलं. ओरखडा होता तिथेच धरलं असावं, कारण ते कळवळले. तरी मी सोडलं नाही.

"अवं, दुखून राह्यलं ना तुले."

"असू द्या."

ते खाटेच्या कडेला टेकले. हात मांजरीच्या पाठीवर तसाच राहिला, आणि उचलू की नको या विचारात हळूहळू सैल पडला, जड झाला. ती घुरघुरायला लागली. त्यांच्या हाताचं वजन तिच्या अंगातून माझ्या कुशीपर्यंत येत होतं. आग जरासुद्धा कमी झाली नव्हती. ते विचारत होते, बरं वाटून राह्यलं का, आणि मी हो म्हणाले.